दिवे लागतात, हॉर्न वाजतो, गाडी मात्र ढिम्म

प्रश्न: नमस्कार. मी चोडणचा, रोज फेरीबोटीनं रायबंदरला उतरून पणजीला कामाला जातो. गाडी २०१४ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक. चवथीला आठ दिवस घरीच उभी होती आणि तेव्हापासून नाटकं सुरू झालीत. चावी फिरवली की एकदाच 'टक्क' आणि पुढे काही नाही. दिवे झक्क लागतात, हॉर्न वाजतो, रेडिओ पण चालतो. दहा-पंधरा वेळा चावी फिरवली की कधीतरी सेल्फ लागतो आणि मग दिवसभर अशी पळते की जसं काही झालंच नव्हतं. गॅरेजवाल्यानं बॅटरी गेली म्हणून नवी घातली, बाराव्या दिवशी परत तेच. आता म्हणतो सेल्फची मोटर बदला. परवा फेरीबोटीतच अडकलो, मागचे सगळे हॉर्न मारतायत, शेवटी चार जणांनी ढकलून बाहेर काढली. बदलू का मोटर?
– एक वाचक, चोडण

उत्तर: थांबा, एवढ्यात नको. आधी दहा मिनिटांचं काम करा, मग ठरवा.

तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे 'टक्क', आणि तो एकदाच होतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. बहुतेक लोक नुसतं 'गाडी स्टार्ट होत नाही' एवढंच लिहितात, आणि त्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी असतात. सेल्फ (चावी फिरवल्यावर इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर) घर्र घर्र फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर मग पेट्रोल, पंप, स्पार्क हे सगळं बघायचं. सेल्फ फिरतच नाही तर पेट्रोलचा काही संबंध नाही, विजेचा मामला. तुमचं हे दुसरं.

आता त्यातही आवाज ऐकायचा. टक-टक-टक-टक असं भराभर वाजत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील तर बॅटरीत दम नाही, सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतो, व्होल्टेज पडतं, तो सोडतो, परत ओढतो. अजिबात आवाज नसेल तर रिले (सेल्फकडे वीज सोडणारा छोटा स्विच), क्लचचा स्विच, नाहीतर चोरीविरोधी कुलूप, म्हणजे इमोबिलायझर (डॅशवर चावीचा दिवा लुकलुकतोय का बघा). आणि एकच जोरदार टक्क म्हणजे सोलेनॉइडनं आपलं काम केलं, पण मोटरला हवा तेवढा करंट पोचला नाही, किंवा मोटरच आतून गेलीय.

'दिवे लागतात म्हणजे विजेचं सगळं बरोबर' हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण हिशेब बघा. दोन हेडलाइट मिळून ११० वॅट, म्हणजे जेमतेम ९ अँपिअर. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ १०० ते २०० अँपिअर मागतो. नळाला करंगळीएवढी धार असली तरी तांब्या भरतो, टाकी नाही भरत.

बॅटरीच्या मायनसकडून दोन वाटा निघतात, एक बॉडीला, एक इंजिन-गिअरबॉक्सला. दिवे, हॉर्न, रेडिओ यांचा करंट बॉडीवरून परत येतो, सेल्फचा मात्र इंजिनवरून. इंजिनकडची अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजला तर दिव्यांना काहीच कळत नाही, सेल्फ मात्र उपाशी राहतो. गंजामुळे तिथं ०.०२ ओहम एवढासाच अडथळा आला तरी १५० अँपिअरला त्याचे ३ व्होल्ट होतात, १२ मधले ३ वाटेतच गेले तर मोटर काय फिरणार. दहा-पंधरा वेळा खटखट केल्यावर लागते ते पण यामुळेच, हादऱ्यानं तो सांधा कधीतरी नीट टेकतो. आणि नवी बॅटरी बारा दिवस चालली कारण ती जरा जास्त जोर लावते, शिवाय बसवताना वायरी हलवल्या असणार.

मला हाच संशय जास्त का, तर तुमची फेरीबोट. भरतीला रॅम्पवर पाणी येतं, मांडवीचं तिथलं पाणी मचूळ, चाकांनी ते खालनं उडतं आणि बरोबर गिअरबॉक्सच्या बाजूला जाऊन बसतं. वरनं पावसात आठ दिवस गाडी उभी.

करायचं असं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. काळी जंपर केबल (दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडायच्या जाड वायरींपैकी एक) घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडी भागाला, रंग नसलेल्या जागी, इंजिनच्या फिरणाऱ्या बेल्टपासून लांब. लाल केबलला हातच लावायचा नाही. आता चावी फिरवा. गाडी पहिल्या फटक्यात लागली तर चोर सापडला, अर्थिंगची पट्टीच. (दोनतीनदा करून बघा, एकदा योगायोगानं पण लागेल.)

मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं, कोणीतरी चावी फिरवत असताना बॅटरीचा मायनस आणि इंजिनचं लोखंड यांच्यामधले व्होल्ट मोजा. ०.२-०.३ पर्यंत ठीक, दोन-तीन दिसले तर पट्टी गेलीच. तोच मीटर बॅटरीवर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. चावी फिरवताना १० च्या खाली घसरली तर बॅटरीवर संशय घ्यायचा. टक्क होऊनही आकडा १२च्या वरच राहिला तर करंट ओढलाच जात नाहीये, म्हणजे वाट कुठेतरी अडलीय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत, नाहीतर नवी बॅटरी पण डायनमोमुळे मरेल.

पट्टी काढून दोन्ही टोकं आणि खालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस. पट्टीच्या तारा हिरव्या पडल्या असतील तर नवी घ्या, बॅटरीच्या मानानं किरकोळ खर्च. टर्मिनलवर पांढरं साचलं असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, नाहीतर पाना बॉडीला लागून ठिणग्या उडतात. माझ्या जुन्या गाडीत ही पट्टी तुटली होती आणि करंट चक्क क्लचच्या केबलमधून परत जायचा, केबल हाताला गरम लागायची आणि मी क्लच बदलायला निघालो होतो!

हे सगळं करून पण टक्कच असेल, तर सेल्फच्या मोटरवर पान्याच्या मुठीनं हलकेच टकटक करत कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. लागली तर आतले ब्रश (फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत, ते बदलून मिळतात. अख्खी मोटर त्यानंतरच.

प्रश्न: पावसात रस्त्यावर पाणी भरलं, गाडी दाराच्या उंबऱ्यापर्यंत बुडाली होती. आता पाणी उतरलंय. स्टार्ट करून बघू का? – मडगाव

उत्तर: अजिबात नको, 'एकदाच बघतो' असं सुद्धा नको. आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. आत ओल असेल तर पाणी सिलिंडरपर्यंत गेलेलं असू शकतं, आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच उघडावं लागतं. फिल्टर कोरडा असला तरी बॅटरीचा मायनस काढा, ऑइलची काडी बघा (दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळलंय) आणि टोइंगनं गॅरेजला न्या. विमा असेल तर हलवायच्या आधी फोटो काढून ठेवा.

प्रश्न: ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होते का? – म्हापसा

उत्तर: नाही. ढकलून फक्त घाम निघेल. गिअरचा दांडा पी (पार्किंग) वर असताना सेल्फ लागत नसेल तर ब्रेक दाबून एन (न्यूट्रल) वर टाका आणि परत चावी फिरवा, तिथं लागली तर सिलेक्टरचा, म्हणजे त्या दांड्याचा, स्विच बघायला सांगा. तिथं पण नाही, तर शेजाऱ्याची गाडी आणि जंपर केबल.