मधेच थांबणारं घोरणं

‘ह्यांचं घोरणं मधेच थांबतं, मग हिसका बसल्यागत श्वास येतो. दवाखान्यात चला म्हटलं की घरात सगळे हसतात. मी उगीच घाबरते का?’ सांगलीत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बायका हा प्रश्न बहुतेक वेळा उठता उठता विचारतात, बाकीचं सगळं बोलून झाल्यावर.

तासगाव भागातल्या एका ताईंनी तर तोही विचारला नव्हता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांची तक्रार स्वतःच्या झोपेची होती. रात्री डोळा लागत नाही, दिवसा बेदाण्याच्या शेडवरच्या बायकांवर विनाकारण ओरडणं होतं, झोपेची गोळी मिळेल का, असं म्हणत आल्या. मी चिंतेच्या अंगानं विचार केला. दोन भेटी त्यातच गेल्या. झोपेच्या वेळा वहीत लिहून आणायला सांगितल्या.

तिसऱ्या भेटीत वही उघडली, तर वेळांच्या शेजारी आकडे : 23, 31, 18, 40.

‘हे काय?’

‘ह्यांचा श्वास थांबला की मी मोजते, मॅडम. चाळीसपर्यंत गेलं की खांदा हलवते.’

रात्री जागं राहून तुम्ही काय ऐकता, हे मी पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. ती बाई चार वर्षं नवऱ्याच्या उशाशी पहारा देत होती आणि मी तिला मन शांत करायला शिकवत होते. याचं मला अजून वाईट वाटतं.

घोरतो म्हणजे गाढ झोपलाय, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या. आपल्याकडे सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात होतं उलटं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागं सरकतात आणि काहींची हवेची वाट पुरती बंद होते. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा करतो, मोठा श्वास येतो, पुन्हा डोळा लागतो. याला ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. हे रात्रभर चालतं आणि सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही. म्हणून शेजारी झोपणाऱ्या माणसाचं बोलणं इथं फार मोलाचं असतं.

मी विचारत गेले तशा खुणा जुळत गेल्या. सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड, रात्री तीनदा लघवीला उठणं, दोन गोळ्या घेऊनही बीपी वरच. आणि एकदा पिकअप घेऊन सांगलीला येताना बुधगावजवळ डुलकी लागून गाडी रस्त्याखाली उतरली होती. ते ऐकल्यावर मी म्हटलं, या आठवड्यातच दाखवा, आणि तोवर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या.

डॉक्टरांना सांगायचं काय, हा त्यांचा मोठा प्रश्न. मी म्हटलं, मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, ही वही न्या, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी न्या. झोपेची गोळी मात्र कुणाची कुणाला देऊ नका. तिनं आणि दारूनं घसा आणखी सैल पडतो. आडवं झाल्यावर दम लागत असेल, उठून बसल्यावर बरं वाटत असेल, पायांवर सूज असेल, तर हृदयाचा त्रास असू शकतो. तेव्हा लगेच दाखवायचं. छातीत कळ आली तर त्याच क्षणी निघायचं.

घरच्या डॉक्टरांनी त्यांना मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रात्रभराची तपासणी झाली : नाकाशी नळी, छातीवर पट्टे, बोटाला चिमटा. तासाला 42 वेळा श्वास अडखळत होता. पाचच्या आत असेल तर चिंता नसते, तीसच्या वर म्हणजे तीव्र.

मग झोपताना नाकावर मास्क लावून वापरायच्या यंत्राचा, म्हणजे सीपॅपचा, विषय निघाला आणि नवरा स्वतः माझ्याकडे आला. ‘बैलाला बांधतात तसं मुसकं बांधून झोपू? लोक म्हणतील ऑक्सिजनवर आलाय.’ हसण्यावारी न्यावं असं ते बोलणं नव्हतं. ज्याला गावात धट्टाकट्टा म्हणतात, त्याला हे जड जाणारच. मी सांगितलं, यात ऑक्सिजन नसतो. खोलीतलीच हवा थोड्या दाबानं नाकात जाते आणि घशाची वाट उघडी ठेवते. 1981 साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय मांडला, तेव्हापासून जगभर तो वापरतात. वजन उतरलं तर त्रास बराच कमी होऊ शकतो, कुशीवर झोपल्यानं काहींना फरक पडतो. पण 42 आकडा असताना वजन उतरेपर्यंत थांबणं मला धोक्याचं वाटतं, आणि डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मास्क तीनदा काढून फेकला. एकदा माप बदलून आणला, मग दिवसा टीव्हीसमोर अर्धा अर्धा तास लावून बसले. महिन्याभरानं सकाळचं डोकं दुखणं थांबलं.

ताईंची झोप मात्र लगेच आली नाही. चार वर्षं कान टवकारलेले, ते एकदम कसे पडणार? आम्ही आणखी पाच वेळा भेटलो. आकड्यांची वही त्यांनी माझ्याकडेच ठेवली. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, ‘आता यंत्राचा आवाज बंद झाला की जाग येते. परवा रात्री लाइट गेली, तेव्हा उठले. तेवढा इन्व्हर्टर कुठला घ्यावा, कुणाला विचारू?’

यंत्र ज्यांच्याकडून घेतलं, त्यांचा नंबर मी त्यांना काढून दिला.