मार्चअखेर परत गेलेले शाळेचे पैसे

प्रश्न : आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत ४२ मुले आहेत आणि मी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. पाण्याच्या टाकीची तोटी सायकलच्या ट्यूबने बांधून ठेवली आहे आणि दुसरीच्या वर्गावरची टिने वारा सुटला की उचलली जातात. अनुदान मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आले आणि ३१ तारखेनंतर ‘पैसे परत गेले’ असे मुख्याध्यापकांनी सांगितले. हे पैसे जातात कुठे आणि ते पुन्हा मिळतात काय?
— एक पालक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आपण लिहिता ती रक्कम समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदानाची असावी. हे अनुदान पटसंख्येवर ठरते. ३१ ते १०० पटाच्या शाळेसाठी ते वर्षाला २५ हजार रुपये असून त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे.

पूर्वी ही रक्कम समितीच्या खात्यात प्रत्यक्ष जमा होई आणि वर्ष संपले तरी पुष्कळदा तिथेच पडून राही. १ जुलै २०२१ पासून केंद्राने सर्व राज्यांना एकाच मुख्य खात्याची पद्धत लावली. त्या पद्धतीत योजनेचा निधी महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे राज्यात ही योजना राबवणाऱ्या संस्थेच्या, मुख्य खात्यात राहतो, शाळेचे खाते शून्य शिल्लकीचे असते आणि शाळेला ठरावीक रकमेपर्यंत खर्च करण्याची मर्यादा तेवढी दिली जाते. मर्यादा काढून घेतली की शाळेत पैसे गेल्यासारखे वाटते, परंतु ते मुख्य खात्यातून हललेलेच नसतात. मुख्याध्यापकांविषयी गावात काही संशय असेल, तर तो या कारणापुरता तरी सोडून द्यावा.

मात्र न खर्चलेल्या पैशाचा फटका पुढे बसतो. केंद्र आपला वाटा एका वेळी २५ टक्क्यांपर्यंतच सोडते आणि पुढचा हप्ता आधीच्या रकमेपैकी किमान ७५ टक्के खर्च झाल्यावरच देते. त्यामुळे हजारो शाळांत थोडीथोडी रक्कम अखर्चित राहिली की राज्याचा पुढचा हप्ता लांबतो, तो लांबला की शाळेला पुन्हा मार्चमध्येच मर्यादा मिळते आणि पुन्हा खर्च अपुरा राहतो. वर्षभर वाट पाहायला लावून शाळेच्या हाती दहा-बारा दिवस ठेवणे हा मुलांवरचा अन्याय आहे, आणि त्याचा जाब शाळेला नव्हे, वरच्या कार्यालयांना विचारला पाहिजे.

राज्याच्या स्वतःच्या तरतुदीचे गणित निराळे आहे. विधिमंडळाने मंजूर केलेली रक्कम ३१ मार्चला व्यपगत होते, म्हणजे तिची मंजुरीच संपते, म्हणून विभाग न खर्चलेली रक्कम त्याआधीच शासनाला परत (समर्पित) करतात. जिल्हा नियोजन समितीकडून जिल्हा परिषदेला मिळालेल्या निधीस मात्र खर्चासाठी दोन वर्षे असतात. तेव्हा वर्गखोलीची दुरुस्ती त्या निधीतून मंजूर असेल, तर पहिल्याच मार्चला ‘परत गेले’ हे उत्तर मान्य करू नये.

गेलेली मर्यादा आपोआप परत येत नाही; पुढच्या वर्षी नव्याने मंजुरी लागते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा आधार आहे, म्हणून तोटी आणि टिने दोन्ही त्यात नावानिशी लिहावीत. कापसाच्या वेचणीमुळे दिवसा पालक येत नाहीत, तर समितीची सभा संध्याकाळी घ्यावी, पण ठराव डिसेंबरपर्यंत करावा आणि जानेवारीत दरपत्रके मागवून ठेवावीत. मग मर्यादा उशिरा आली तरी आठ दिवसांत काम होऊन देयक निघू शकते. काम होण्याआधीच बिल घेऊन पैसे दुकानदाराकडे ठेवण्याची वाट मात्र कोणी सुचवली तरी धरू नका. लेखापरीक्षणात त्यात मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष दोघेही अडकतात.

तूर्त गटशिक्षणाधिकाऱ्यांना समितीच्या वतीने पत्र देऊन मर्यादा किती होती, कोणत्या तारखेला मिळाली आणि कोणत्या तारखेला काढून घेतली, हे लेखी विचारावे. उत्तर न आल्यास माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा. त्यावर ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे.