प्रोपेन, प्रोपीन आणि संगणक

प्रश्न : ऑक्सिजनच्या साहाय्याने प्रोपेन या इंधनवायूपासून प्रोपीन (प्लास्टिकचा कच्चा माल) करताना बराच माल जळून कार्बन डायऑक्साइड होतो. संगणकीय आकडेमोडीने हे थांबेल का?

उत्तर : नुसत्या आकडेमोडीने थांबणार नाही, पण कारण उमगते. व्हॅनेडियम ऑक्साइड या उत्प्रेरकावरील (अभिक्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थावरील) गणनांनुसार, व्हॅनेडियमशी दुहेरी बंधाने जोडलेला पृष्ठभागावरील ऑक्सिजन प्रोपेनच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो, आणि हीच पायरी सर्वांत अवघड असते. खरी गोम पुढे आहे : प्रोपेनमधला हा कार्बन-हायड्रोजन बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ४१० किलोज्यूल लागतात, तर प्रोपीनमधला सर्वांत कच्चा कार्बन-हायड्रोजन बंध सुमारे ३७० किलोज्यूलमध्येच तुटतो, म्हणजे जे हवे तेच आधी पेटते. साध्या घनता-फलन पद्धती (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या संगणकीय पद्धती) मात्र अशा पायरीचा ऊर्जा-अडथळा बहुधा कमी दाखवतात, त्यामुळे त्यांचे आकडे जपूनच वापरावेत.