कॉम्प्युटरने पाहिलेला गुडघा आणि इतर प्रश्न

सोयाबीनचे पैसे हातात पडले की गावोगावी सांधेदुखीची शिबिरं लागतात, आणि त्यापाठोपाठ माझ्याकडे तीच ती पत्रं येतात. कुणाला मशीनने गुडघ्यावर ‘लोड’ दाखवलेला असतो, कुणाला ग्रीस संपल्याचं सांगितलेलं असतं. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. शरीर हलताना हाडांवर आणि सांध्यांवर येणाऱ्या भाराचा अभ्यास, म्हणजे बायोमेकॅनिक्स, हा माझा शिकवण्याचा विषय. त्यामुळे कॉम्प्युटरचं नाव निघालं की प्रश्न माझ्याकडे वळवले जातात. ज्यांनी नुसता एक्स-रेचा फोटो पाठवून ‘काय करू?’ विचारलं आहे त्यांना इथे उत्तर नाही. फोटोवरून मी इलाज सांगत नसतो.

प्रश्न (हिंगणघाट): उजवा खुबा दुखतो. काठी कोणत्या हातात धरावी? घरचे म्हणतात, दुखतं त्याच बाजूला.

उत्तर: डाव्या हातात. आणि खुबा का दुखतो ते तपासून घ्या.

प्रश्न (आर्वी): गावातल्या शिबिरात एका पट्टीवर चालायला लावलं. कॉम्प्युटरवर तळपायाचं चित्र आलं, टाच लालभडक. ‘उजव्या गुडघ्यावर दीडपट लोड आहे, दोन वर्षांत ऑपरेशन लागेल’ असं सांगून बुटात घालायचे तळवे ६,५०० रुपयांना दिले. महिना झाला, फरक नाही. मशीन खोटं सांगेल का?

उत्तर: मशीन खोटं बोलत नाही, मशीनशेजारी उभा असलेला माणूस बोलतो. ती पट्टी एकच गोष्ट मोजते: तळपायाच्या कोणत्या भागाखाली किती दाब पडला. चालताना टाचेखाली आणि चवड्याखाली दाब जास्त येतोच, म्हणून तिथे लाल रंग उमटतो. मी चाललो तरी लालच उमटेल. मधुमेहात ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे त्यांना जखम कुठे होऊ शकते हे पाहायला ही पट्टी खरोखर उपयोगी आहे. पण तिच्यावरून गुडघ्याच्या आतला भार सांगणं म्हणजे सातबारा बघून विहिरीला पाणी किती ते सांगणं.

आतला भार मोजतात कसा, हे जरा सविस्तर सांगतो, कारण फसवणूक नेमकी इथेच होते. चालताना गुडघ्यावर फक्त वरच्या अंगाचं वजन येत नाही. पाय सावरायला आणि पुढे टाकायला मांडीचे, पोटरीचे स्नायू हाडं एकमेकांवर आवळून धरतात. एकूण भारातला मोठा हिस्सा या आवळण्याचा असतो. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच भारमापक बसवले. आकडे बिनतारी बाहेर येतात. पाच रुग्णांचे आकडे त्यांनी २०१० साली प्रसिद्ध केले. दोन्ही पायांवर नुसतं उभं राहिलं तर एका गुडघ्यावर साधारण शरीराच्या वजनाइतका भार, सपाट चालताना अडीचपटीहून थोडा जास्त, जिना उतरताना जवळजवळ साडेतीनपट. म्हणजे ६० किलो वजनाची बाई जिना उतरते तेव्हा तिच्या गुडघ्यावर २०० किलोंच्या आसपास भार येतो. तुम्हाला ‘दीडपट’ सांगून घाबरवलं. धडधाकट चालणारा कुणीही पावलोपावली त्याहून जास्त पेलतो.

आता, चांगल्या गुडघ्यात मापक बसवता येत नाही. तिथे कॉम्प्युटरवरचं मॉडेल लागतं. प्रयोगशाळेत माणसाच्या अंगावर चमकत्या गोळ्या चिकटवतात, भोवती कॅमेरे असतात, जमिनीत भार मोजणाऱ्या पट्ट्या असतात. या सगळ्यावरून सांध्याला एकूण किती जोर लागला ते गणिताने निघतं. त्यातला किती जोर कोणत्या स्नायूने लावला, हे मात्र निघत नाही. एकाच हालचालीत अनेक स्नायू वाटेकरी असतात आणि वाटणी असंख्य तऱ्हांनी होऊ शकते. मग संशोधक गृहीत धरतात की शरीर कमीत कमी कष्टाची वाटणी निवडतं. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस तसं करेलच असं नाही. तो भीतीपोटी पुढचे-मागचे सगळेच स्नायू आवळून चालतो. मापक बसवलेल्या रुग्णांच्या चालण्याची माहिती संशोधकांना देऊन ‘आत किती भार आला ते ओळखा’ अशा स्पर्धाही झाल्या. खरा आकडा आधी सांगायचा नाही. ज्यांचं आयुष्य या कामात गेलं त्यांचेही अंदाज चुकले, आणि त्यांनी ते छापून कबूल केलं. तुमच्या शिबिरातल्या माणसाला मात्र दोन वर्षांनंतरचं ऑपरेशनसुद्धा दिसलं!

तळवे काही जणांना लागतात: एक पाय आखूड असेल, पाऊल सपाट असून दुखत असेल, तर. तेही पाय हातात घेऊन तपासल्यावर. गुडघ्याच्या झिजेवर त्यांचा भरवशाचा फायदा दिसलेला नाही. पावती असेल तर पैसे परत मागा. मग जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत गुडघा दाखवा, आणि एक्स-रे उभं राहून काढायला सांगा. झोपून काढलेल्या एक्स-रेत झीज लपते.

प्रश्न (काटोल, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): ओपनसिम हे शरीराच्या हालचालींचं मॉडेल करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आईची उंची-वजन टाकून तिला ऑपरेशन लागेल का ते काढता येईल का?

उत्तर: नाही. आईला डॉक्टरकडे ने आणि सॉफ्टवेअर अवश्य शिक.

ओपनसिम स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या स्कॉट डेल्प यांच्या गटाने काढलं, २००७ पासून ते खुलं आहे. त्यात वापरलं जाणारं पायाचं एक चांगलं मॉडेल २०१० साली आलं. त्यासाठी २१ मृतदेहांच्या पायांतले स्नायू मोजले होते, आणि त्या माणसांचं सरासरी वय ऐंशीच्या पुढे होतं. तुझ्या आईची उंची टाकलीस तर मॉडेलमधला सांगाडा लहान होईल, पण त्यातले स्नायू दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईचे होणार नाहीत.

काम करायचंच असेल तर आपल्याकडच्या हालचालींवर कर. खुर्चीतून उठणं आणि सपाट चालणं जगाने भरपूर मोजून ठेवलं आहे. निंदण, रोवणी, वेचणी यांची मोजमापं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कापूस वेचणारी बाई बघ: पोटाशी बांधलेली ओटी भरत जाते तसं वजन कण्यापासून पुढे सरकतं, ते तोलायला पाठीचे स्नायू जास्त ओढावे लागतात, आणि मणक्यांवरचा भार ओटीतल्या कापसाच्या कितीतरी पट वाढतो. ओटी कुठे बांधली आणि किती भरल्यावर रिकामी केली तर किती फरक पडतो, हे मॉडेल चांगलं सांगू शकेल. कॉलेजची नैतिकता समिती आणि एखादा अस्थिरोगतज्ज्ञ सोबत घेतल्याशिवाय मात्र कुणाच्या अंगाला गोळ्या चिकटवू नकोस.

प्रश्न (दारव्हा): माझ्या मायच्या गुडघ्यातलं ग्रीस संपलं म्हणते डॉक्टर. ग्रीसचं इंजेक्शन घ्यायचं का? शेजारीण म्हणते, निंदणाले बसू नको, उकिडवं बसूनच गुडघे जातात.

उत्तर: गुडघ्यात ग्रीस नसतं. सांध्यात एक चिकट द्रव असतो आणि हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. झिजतो तो थर, आणि इंजेक्शनने तो परत येत नाही. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेनेही हे इंजेक्शन सरसकट देऊ नये असंच म्हटलं आहे. तुमच्या आईला ते हवं की नको, हे तपासणाऱ्याने ठरवावं, विकणाऱ्याने नव्हे.

शेजारणीचं अर्धं खरं. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळते, आणि त्यात ओझं उचलणं आलं की आणखी. पण पाच मिनिटं उकिडवं बसलं म्हणून गुडघा जात नाही. जोर लागतो तो बसताना आणि उठताना. पूर्ण खाली बसल्यावर मांडी पोटरीवर टेकते आणि काही भार तिथूनच उतरतो. पूर्वीच्या बऱ्याच मॉडेलांत हे टेकणं धरलेलंच नव्हतं, म्हणून त्यांत भार फुगून दिसायचा. खुर्चीवर वाढलेल्या लोकांनी केलेलं गणित, दुसरं काय! आईने निंदताना बुडाखाली छोटं पिढं घ्यावं, मधून मधून उभं राहावं, जमेल तिथे सायकल डवरं (उभ्याने ढकलायचं निंदणीचं अवजार) वापरावं. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. हा हिशेब २००५ साली झीज झालेल्या वजनदार माणसांचं चालणं मोजून काढलेला आहे. मांडीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून समोर बसून शिकून घ्या, मोबाइलवर बघून नको.

प्रश्न (कुरखेडा): मुलगा १९ वर्षांचा, सिकलसेल ‘एसएस’. चार महिन्यांपासून मांडीत आणि गुडघ्यात दुखतं, लंगडतो. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आला. सध्या मालिश चालू आहे.

उत्तर: मालिश थांबवा आणि याच आठवड्यात खुबा दाखवा. खुब्याचं दुखणं मांडीत आणि गुडघ्यात जाणवतं, म्हणून गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल येतो आणि महिने वाया जातात. सिकलसेल ‘एसएस’ म्हणजे आई-वडील दोघांकडूनही दोष आलेला रक्ताचा आजार. त्यात खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटू शकतो. आतलं हाड मरतं, पण गोळा काही काळ गोलच राहतो. या काळात साधा एक्स-रे चुकवतो, एमआरआय दाखवतो. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार प्रत्येक पावलाला पडतो, आणि एके दिवशी मेलेला भाग खाली बसतो. गोळ्याची गोलाई गेली की खुबा वाचवण्याचे पर्याय झपाट्याने कमी होतात. चार महिने तुम्ही आधीच घालवले आहेत. खुबा दाखवेपर्यंत मुलाने कुबड्या घेऊन त्या पायावर भार टाकू नये. दुसरा खुबाही तपासून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला शस्त्रक्रियेआधी वेगळी तयारी लागते. नागपूरचं मेडिकल किंवा सेवाग्राम, जिथे फिजिशियन आणि ऑर्थोपेडिक दोन्ही विभाग आहेत अशाच ठिकाणी जा, आणि सिकलसेलची जुनी कागदपत्रं सोबत न्या.

प्रश्न (घाटंजी): १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन कंबर भरून येते. पट्टा बांधू का?

उत्तर: दिवसभर कमरेला पट्टा नको. पंप अर्धाच भरा, पंपाचे दोन्ही पट्टे घट्ट ओढून पाठीला चिकटवा आणि भरलेला पंप जमिनीवरून वाकून उचलू नका, बांधावर किंवा बैलबंडीवर ठेवून खांद्यावर घ्या. जर्मनीत एका माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत दाबमापक घालून १९९९ साली मोजलं होतं. उभं असताना ०.५ मेगापास्कल (हे दाबाचं एकक), २० किलो पाठ वाकवून उचलताना २.३, गुडघे वाकवून उचलताना १.७. तेच वजन अंगाशी धरून उभं राहिलं तर १.१. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीची अडचण असेल तर पट्टा-पंप सगळं सोडून आधी डॉक्टर.

प्रश्न (केळापूर तालुका): वडिलांची मान-पाठ लाकडासारखी ताठ झाली आहे, दात पिवळे-तपकिरी. एक्स-रेत हाडं ‘फार घट्ट’ दिसतात असं सांगितलं. म्हणजे हाडं मजबूत ना?

उत्तर: उलट. तुमच्या भागात आधी पाण्यातल्या फ्लोराइडचा संशय घ्यायचा. घनता वेगळी, ताकद वेगळी. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांना मुद्दाम फ्लोराइड दिलं. मणक्यांची घनता चांगलीच वाढली, पण मणके सोडून इतर हाडं मोडण्याचं प्रमाणही वाढलं. बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासा. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, १.५ च्या वर पिऊ नये. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की ते आणखी दाट होतं. वडिलांच्या पायातली ताकद कमी होत असेल तर मज्जारज्जू दबतोय का हे लगेच पाहायला हवं.

प्रश्न (वरूड): गुडघा बदलायचा आहे. एका दवाखान्यात म्हणतात रोबोट ऑपरेशन करतो, चूक होतच नाही, वर लाखभर लागतील.

उत्तर: रोबोट ऑपरेशन करत नाही, सर्जन करतो. रोबोट हाड ठरल्या कोनात कापायला मदत करतो आणि ते काम तो नीट करतो. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनी तुमचा गुडघा जास्त चांगला चालेल, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. ‘चूक होतच नाही’ म्हणणाऱ्या सर्जनपेक्षा, चूक झाली तर काय करतो ते सांगणारा निवडा. इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतींवर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा आणली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये आणि कर. म्हणून आता पैसे ‘टेक्नॉलॉजी’च्या नावाने लागतात. खर्चाचा अंदाज लेखी घ्या, इम्प्लांटच्या खोक्यावरची स्टिकरं डिस्चार्ज कार्डावर लावून मागा, सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

प्रश्न (ब्रह्मपुरी): आजी न्हाणीत घसरून पडली. उभं राहता येत नाही, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. गावातल्या वैदूने बांबूच्या कामट्या बांधल्या, एकवीस दिवसांनी सोडू म्हणतो. वय झालंय, ऑपरेशन झेपेल का?

उत्तर: हा खुबा मोडलेला आहे असंच धरून चाला. झेपणार नाही ते अंथरुणाला खिळून राहणं: पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या. असं ऑपरेशन शक्यतो पहिल्या ४८ तासांत व्हावं, वय हे ते टाळायचं कारण नाही. कामट्या सोडा, १०८ ला फोन करा, आजीला आहे तशी आडवी, दोन्ही पायांमध्ये उशी देऊन न्या. पत्र पाठवून या उत्तराची वाट बघत बसायला नको होतं.