स्टेंटनंतर हमाली कधी?

प्रश्न : वडील ५४ वर्षांचे, मार्केट यार्डात हमाल. महिन्यापूर्वी हार्ट अटॅक आला, स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला. आता दुखत नाही, म्हणून कामावर जायचं म्हणतात. पाठवावं का?

उत्तर : पोती उचलायला इतक्यात नको. ओझं उचलताना माणूस श्वास रोखतो आणि रक्तदाब एकदम चढतो. आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी) करून डॉक्टरांचा होकार घ्या. तोवर सपाटीवरचं चालणं हळूहळू ३० मिनिटांपर्यंत न्या. बसून नोंदी करायचं काम लवकर जमू शकतं. मुकादमाशी जरूर बोला. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या मनाने अजिबात बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. कामावर छातीत दुखलं तर लगेच बसावं, डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवावी. ५ मिनिटांत थांबलं नाही तर १०८ला फोन.