२,३०,००० किलोमीटर पळालेली डिझेल गाडी: दुरुस्त करावी की विकावी?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा. गाडी अकरा वर्षांची असून २,३०,००० किलोमीटर पळालेली आहे. इंजिन कॉमन रेल डिझेल (सर्व सिलिंडरना एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळणारे) आहे आणि गिअर हाताने टाकायचे आहेत. इंजिन गरम असताना सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना खडखड ऐकू येते आणि चढावर पिकअप कमी वाटतो. गॅरेजने चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग), टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), क्लच आणि फ्लायव्हील (इंजिन व क्लच यांच्यामधील जड चाक) बदलण्याची यादी दिली आहे आणि तिची बेरीज गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होते. एवढा खर्च करावा की गाडी विकून टाकावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या यादीतील प्रत्येक नोंदीपुढे आधी ‘कशावरून?’ असे लिहावे आणि ज्या नोंदीला मोजमापाचे उत्तर मिळणार नाही तिच्यावर तूर्त पैसे घालू नयेत.

प्रथम किलोमीटरच्या आकड्याविषयी, कारण त्यालाच सर्वांत जास्त घाबरले जाते. ताशी सरासरी ६० किलोमीटर वेगाने लांब पल्ल्यावर पळालेल्या गाडीचे २,४०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनचे ४,००० तास होतात. उलट गर्दीत ताशी सरासरी २० किलोमीटरने रखडलेल्या गाडीचे १,२०,००० किलोमीटर म्हणजे ६,००० तास. दुसऱ्या गाडीचे इंजिन दीडपट अधिक काळ फिरलेले असते, तिचा क्लच कितीतरी अधिक वेळा दाबलेला असतो आणि थंड अवस्थेत ती असंख्य वेळा सुरू झालेली असते. तरीही बाजारात भाव तिलाच जास्त मिळतो. म्हणून आपली गाडी कोणत्या रस्त्यावर पळाली आणि तिचे ऑइल किती नियमाने बदलले गेले, या दोन गोष्टींना मी मीटरच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्व देईन.

मूळ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन, हा डिझेल गाडीतील बहुधा सर्वांत टिकाऊ भाग असतो. हवा १६ ते १८ पट दाबून तिच्या उष्णतेने इंधन पेटवायचे असल्याने तो मुळातच भक्कम बांधलेला असतो. त्याची प्राथमिक परीक्षा फुकट होते. इंजिन गरम झाल्यावर ते चालू ठेवूनच ऑइल भरण्याचे झाकण सैल करून नुसते वर ठेवावे. झाकण किंचित थरथरत राहिले तर काळजी नाही. ते उडू लागले, किंवा तोंडातून धूर फसफसून बाहेर येऊ लागला, तर पिस्टनच्या रिंगांमधून दाब खाली निसटत असल्याची शंका घ्यावी आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये भरणारा दाब, मोजून घ्यावे. धुराचा रंगही पाहावा: काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, निळसर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि गरम इंजिनातही टिकून राहणारा पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल किंवा आत शिरलेला कूलंट. या परीक्षेत गाडी नापास झाली तर पुढची सगळी यादी बाजूला ठेवा. तिथे इंजिन खोलण्याचाच खर्च समोर येतो आणि तो या वयाच्या गाडीवर सहसा परवडत नाही.

आता इंजेक्टर. कॉमन रेल पद्धतीत पंप रेलमध्ये १,६०० बार किंवा त्याहून अधिक दाब तयार करतो आणि इंजेक्टर तो दाब धरून ठेवतात. त्यांच्या आतील भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की झीज काही मायक्रॉनची झाली तरी डिझेल परतीच्या नळीकडे अधिक प्रमाणात गळू लागते. सेल्फ मारताना पंप सावकाश फिरतो आणि इंजेक्टर उघडण्यासाठी रेलमध्ये एक किमान दाब जमावा लागतो. इंजिन गरम असले की डिझेल पातळ होते, गळती वाढते आणि तो दाब जमायला वेळ लागतो. आपल्या गाडीचे लक्षण याच्याशी जुळते. तेव्हा इंजेक्टरवर संशय घेणे योग्यच आहे. पण चारही बदला, हे त्यातून सिद्ध होत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीला २,८०,००० किलोमीटरच्या सुमारास हाच त्रास सुरू झाला आणि एका गॅरेजने चार इंजेक्टर व हाय प्रेशर पंप असा अंदाज लिहून दिला. मी दुसरीकडे लीक-ऑफ चाचणी करवून घेतली. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या, खुणा केलेल्या बाटल्यांमध्ये सोडल्या आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवले. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल जमले, तर तिसऱ्या सिलिंडरची बाटली तेवढ्याच वेळात गळ्यापर्यंत भरली. तो एक इंजेक्टर बदलला, त्याचा कोड इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये भरला आणि पंपाला हातही लावला नाही. पुढे पन्नास हजार किलोमीटरपर्यंत तक्रार आली नाही. आपल्याकडे चारही बाटल्या सारख्याच भरल्या तर गोष्ट वेगळी. मग चौघांचेही वय झाले आहे असे समजावे आणि नवे घेण्याआधी चाचणी बेंचवर तपासून दुरुस्त करणाऱ्या कारखान्याचा दर विचारावा. जुना इंजेक्टर परत बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच घालावा. तो बसत नसेल तर ज्वलनाचा वायू बाजूने निसटतो, फुसफुस असा आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा कठीण काळा थर साचतो. तो साचला की पुढच्या वेळी इंजेक्टर उपसून काढण्याची मजुरीच अंगावर येते.

खडखडीचे निदान आपण घरीच सुरू करू शकता. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर आवाज नाहीसा होत असेल तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा, किंवा थकलेल्या ड्युअल मास फ्लायव्हीलमुळे गिअर एकमेकांवर आपटत असल्याचा असू शकतो. दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर बोट क्लचच्या रिलीज बेअरिंगकडे जाते. इंजिन बंद करताना गाडी हादरून ‘धडक्’ असा आवाज येत असेल तर फ्लायव्हीलवरचा संशय बळावतो. या फ्लायव्हीलचे दोन भाग स्प्रिंगांनी जोडलेले असतात, ते डिझेल इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू देत नाहीत आणि कमी फेऱ्यांवर वरच्या गिअरमध्ये गाडी ओढत राहण्याच्या सवयीने लवकर सैल होतात. दोन भागांमध्ये किती अंशांचा खेळ चालतो याची मर्यादा उत्पादकाने दिलेली असते. गिअरबॉक्स उतरल्यावर आपल्यासमोर तो मोजायला सांगावे. इथे मात्र मी काटकसर सुचवणार नाही. या कामात मोठा वाटा गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचा असतो. म्हणून तो एकदा उतरला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गळत असल्यास क्रँकचे मागचे सील ही कामे त्याच वेळी उरकावीत, आणि फ्लायव्हील मर्यादेच्या जवळ आले असेल तर तेही. केवळ क्लच प्लेट बदलून वाचवलेले पैसे वर्षभरात दुसऱ्या मजुरीत गेलेले मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहेत.

टर्बोवर माझा तितका विश्वास बसत नाही. पिकअप कमी झाला की त्याचेच नाव पुढे येते. इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) फाटलेला पाइप, सुटलेली व्हॅक्यूमची बारीक नळी, काजळीने अडकलेल्या व्हेन (टर्बोतील हलत्या पट्ट्या), चोंदलेला डिझेल फिल्टर यांतील कशानेही तेच लक्षण दिसते आणि यांतील बहुतेकांचा खर्च टर्बोच्या मानाने किरकोळ असतो. आधी पाइपांच्या सांध्यांवर तेलकट डाग दिसतात का ते पाहावे, स्कॅनरवर अपेक्षित व प्रत्यक्ष बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) शेजारीशेजारी वाचावा आणि टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून पाहावा. शाफ्ट किंचित हलणे स्वाभाविक आहे, पण पाते आतल्या भिंतीला घासता कामा नये. टर्बो खरोखरच गेला असेल तर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारा हा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि ऑइलची नळी गाळाने अरुंद झाली असेल तर नवाही तसाच जाईल.

यादीत जे नाही त्याची मला अधिक काळजी वाटते. आपल्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) असेल तर तो शेवटचा केव्हा बदलला? डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात अंतर इतके थोडे असते की चालू इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, आणि कधीकधी त्याहून जास्त नुकसान होते. बेल्टला किलोमीटरची तशीच वर्षांचीही मर्यादा असते, आणि नोंद सापडत नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. बेल्टला ताण व दिशा देणाऱ्या पुल्या, म्हणजे टेन्शनर आणि आयडलर, आणि त्याच बेल्टवर चालत असल्यास वॉटर पंप सोबत बदलावा. चेन असेल तर थंड इंजिन सुरू होताना पहिले काही सेकंद खळखळ येते का ते ऐकावे.

गाडीला पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातील काजळी अडवणारा) असेल तर डिपस्टिकही नियमित पाहावी. फिल्टरमधील काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि ती आणण्यासाठी बऱ्याच गाड्यांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडले जाते. छोट्या फेऱ्यांमुळे ही क्रिया वारंवार अर्धवट राहिली तर ते डिझेल ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी आपोआप वाढताना दिसली तर आनंद मानू नये, ते पातळ होत आहे. शिवाय काजळी जळते पण राख जळत नाही, त्यामुळे इतक्या वापरानंतर फिल्टर काढून साफ करण्याचा खर्च हिशेबात धरावाच.

सस्पेन्शनचे बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, व्हील बेअरिंग ही कामे कोणत्याही गाडीत निघतात आणि एकेक करून उरकता येतात.

राहिला पैशांचा प्रश्न. दुरुस्तीची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करण्याची पद्धत मला पटत नाही. त्या दुरुस्तीनंतर गाडी आणखी किती वर्षे चालेल, आणि तेवढ्याच पैशांत भर घालून घेतलेल्या दुसऱ्या जुन्या गाडीत किती कामे निघतील, ही तुलना खरी आहे. आपल्या गाडीचे दोष आपल्याला ठाऊक आहेत, घेतलेल्या गाडीचे नंतर कळतात. तरीही चार परिस्थितींत मी विकायला सांगेन: चॅसिसच्या भार वाहणाऱ्या भागाला गंज लागला असेल, कॉम्प्रेशन कमी भरले असेल, महत्त्वाचे सुटे भाग मिळेनासे झाले असतील, किंवा आपला वापर आता रोजच्या चार-पाच किलोमीटरवर आला असेल. शेवटच्या कारणासाठी तर उत्तम स्थितीतील डिझेल गाडीही मी ठेवणार नाही.

आपण आधी झाकणाची परीक्षा करा, मग लीक-ऑफ आणि बूस्टचे वाचन करून घ्या. या दोहोंचे मिळून पैसे एका इंजेक्टरच्या किमतीपुढे थोडेच असतात. चार बाटल्यांतील मापे, बेल्ट बदलल्याची तारीख आणि क्लच दाबल्यावर आवाजाचे काय होते एवढे इथे लिहिलेत, तर यादीतील कोणते काम आधी करायचे ते नेमके सांगता येईल.