मामी आजीला आत्याबाई का म्हणते?

टोरांटो

प्रिय मुक्ता,

परवा लग्नाच्या गोंगाटातून तू फोन केलास आणि विचारलंस, "आई, मामी आजीला आत्याबाई का म्हणते? आजी तिची आत्या कुठे आहे?" मी तोंड उघडायच्या आत दुसरा प्रश्नही आला, "आणि मुळात लोक लग्न करतात तरी कशासाठी?" फोनवर उरकण्यासारखं ते नव्हतं. आज सुट्टी आहे, म्हणून निवांत लिहिते.

मामी नाशिककडची. लग्नाआधी ती आपल्या कुणाच्या नात्यात नव्हती. पण तुझ्या आजीची सासू मात्र आजीची सख्खी आत्या होती. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत जुनी, अनेक जातींत होती आणि काही घरांत अजून आहे. मुलाच्या बाजूने ती मामाची मुलगी. मुलीच्या बाजूने पाहिलं तर ती आत्याच्या घरी सून म्हणून जाते. म्हणून सासू ती आत्याबाई. आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणायचं, म्हणून सासरे ते मामंजी. पुढे नात्याबाहेर लग्नं होऊ लागली तरी शब्द घरात तसेच राहिले. नाशिकची मामी आली आणि पहिल्याच दिवशी तिच्या तोंडी आत्याबाई आलं.

आजी सांगते, लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हा मिठाची बरणी कुठल्या फळीवर असते हे तिला ठाऊक होतं. लहानपणी सुट्टीला ती तिथेच तर जायची. जात्याशी बसलेली बाई परकी नव्हती, बापाची बहीण होती. उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी याच्या उलट आहे. तिथे गावातली मुलगी ती बहीण, त्यामुळे तिला लांबच्या गावी, अनोळखी घरात द्यायचं. दक्षिणेत मामाचीही चालते, आत्याचीही चालते, काही समाजांत सख्ख्या बहिणीची मुलगीसुद्धा. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतभरच्या नात्यांचा अभ्यास केला, त्यात महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या मधे उभा दिसतो. इथे मामाची चालते, पण आत्याची मुलगी करणं बऱ्याच घरांना रुचत नसे. वेल परत फिरवू नये, म्हणत. ज्या घरी मुलगी दिली त्या घरची मुलगी आपण आणायची नाही. देणारं घर खाली आणि घेणारं वर, हा हिशेब त्यामागे होता, आणि तो मला कधीच पटला नाही.

तुझ्या मामाच्या लग्नाच्या वेळी हे सगळं मी जवळून पाहिलं. माझ्या मामांची मुलगी त्याला करायची, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. त्याने नाही म्हटलं. माझे मामा लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. आजी मांडवाच्या दारात ताट घेऊन उभी होती. नंतर सहा वर्षं त्यांनी आमच्या घराची पायरी चढली नाही. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता कळतं की त्यांच्या लेखी तो बहिणीच्या घराशी असलेला धागा तुटण्याचा प्रश्न होता. बहीण ज्या घरी दिली ते घर पुढच्या पिढीत परकं होऊ नये, यासाठी तर ती रीत होती. लग्नात गुरुजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असं पुकारलं, ते तू ऐकलं असशील. आईच्या माहेरचा माणूस अंतरपाटापर्यंत सोबत लागतोच.

आता तुझा दुसरा प्रश्न. लोक लग्न कशासाठी करतात? घरं जोडायचं, मुलं वाढवायचं काम जगात सगळीकडे लग्नच करतं असं नाही. केरळात नायर घरांत पूर्वी बाई आपल्या आईच्याच घरी राहायची. संबंधम्, म्हणजे तिथलं सैल लग्नासारखं नातं, असलेला पुरुष रात्री यायचा आणि सकाळी जायचा. मुलं आईच्या तरवाडाची, म्हणजे आईकडच्या एकत्र कुटुंबाची, आणि त्यांचा कर्ता म्हणजे घरातला वडीलधारा मामा. चीनमध्ये लुगू तळ्याकाठचे मोसुओ लोकही असेच: मुलाला वाढवायला आई, आजी आणि मामा. तिबेटात बऱ्याच घरांत सगळ्या भावांची मिळून एक बायको असे, कारण भाऊ वेगळे झाले तर डोंगरातल्या तेवढ्याशा शेताचे तुकडे पडून कुणाचंच पोट भरलं नसतं. दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांत मूल न होता माणूस वारला, तर त्याचा भाऊ त्याच्या नावाने लग्न करतो, आणि होणारी मुलं त्या मेलेल्या भावाची मानतात.

म्हणजे कुठे शेत एकत्र ठेवायचं, कुठे मुलाला नाव द्यायचं, कुठे दोन घरं बांधून ठेवायची. प्रेम, सोबत, म्हातारपणी कुणीतरी असणं, हे त्यात असू शकतं, पण रीत त्यासाठी घडली नव्हती. आपल्याकडेही नाही. माझ्या मामांच्या मुलीची गोष्ट त्यामुळे माझ्या डोक्यातून जात नाही. ती मला पुढे एकदा म्हणाली, "ताई, दादाने नाही म्हटलं ते सगळ्यांना लागलं. पण मला हो का नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं."

हा प्रश्न मराठी माणसांनी फार आधी विचारला होता. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ला सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. फुल्यांनी अशा लग्नांसाठी नवी मंगलाष्टकं लिहिली. त्यांत नवरी स्वतः बोलते. बायकांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, त्यांना त्यांचे हक्क देशील अशी शपथ घे, असं ती नवऱ्याला सगळ्यांदेखत सांगते. एरवी मंगलाष्टकं चालू असताना नवरी मान खाली घालून उभी असते.

मग मुंबईच्या रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं, पण त्या आईकडेच राहिल्या. १८८४ला नवऱ्याने दावा लावला. आधीचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपिलात फिरला, आणि १८८७ला कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी कैद पत्करते म्हणून सांगितलं. मला विचारलंच नव्हतं ते लग्न मला बांधत नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, तुरुंगात जावं लागलं नाही, आणि लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या. संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय वाढवणारा, कायदा १८९१ला आला, त्यामागे या खटल्याने उठलेलं वादळही होतं.

कायद्याचं म्हणशील तर १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात जवळच्या नात्यात लग्न चालत नाही, पण रूढी असेल तिथे सूट आहे. मामाची मुलगी त्या सुटीत बसते. जवळच्या रक्तात आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर नको म्हणतात, आणि मलाही ते योग्यच वाटतं.

आत्याबाई हा शब्द मात्र जाऊ नये असं मला फार वाटतं. परक्या घरी आलेल्या मुलीला ही तुझ्या बापाची बहीण असं सांगणारा शब्द आहे तो. मामी आजीशी भांडतेसुद्धा आत्याबाई म्हणूनच.

तू अजून चार दिवस तिथे आहेस. दुपारी सगळे झोपले की आजीजवळ बस आणि विचार, तुला तुझ्या लग्नाआधी कुणी विचारलं होतं का? मी लेक असूनही हे तिला कधी विचारू शकले नाही. ती काय म्हणते ते मला कळव. आणि विचारलं तेव्हा तिचे हात काय करत होते, तेही सांग.

तुझी,
आई